साबण न लागलेली घोंगडी

मी एक जुनी घोंगडी आहे. मित्रांनो, जुनी म्हटल्यावर लगेच चेहरे पाडून बसू नका. माझ्या आयुष्यात रडण्यासारखं फार थोडं घडलं. जे वाईट घडलं ते बहुतेक माणसांच्या अडाणीपणामुळे घडलं, आणि अडाणीपणावर रडायची मला सवय नाही. त्यातून शाळा शिकलेल्या माणसाचा अडाणीपणा असेल, तर मला तो बघवतही नाही.

माझा जन्म पणदऱ्याजवळच्या एका वाडीतला. सिद्धू नावाच्या मेंढपाळाने आपल्या काळ्या मेंढ्या आधी ओढ्याच्या पाण्यात चांगल्या घासून धुतल्या आणि मगच कातरल्या. घाण लोकर अंगावर घ्यायची नाही, एवढं त्या अंगठेबहाद्दराला कळत होतं. पुढे त्याच्या वंशात पाटी-पेन्सिल आली आणि हे शहाणपण गेलं. सिद्धूच्या बायकोने सूत काढलं, सणगराने मागावर मला विणलं आणि चिंचोक्याची खळ लावून असं ताठ केलं की मला भिंतीला टेकवलं तर मी उभी राहायची. वर सिद्धूने देवाचा भंडारा उधळला आणि मी त्या घरची झाले.

काम मी पुष्कळ केलं. पावसात खोळ होऊन डोक्यावर बसले, थंडीत कोकरं पोटाशी घेतली, भांडणं मिटवायला आलेले पंच माझ्यावर बसून पान खात आणि भांडण वाढवून जात. पण माझा खरा मान वेगळा होता. त्या घरात मूल जन्मलं की पाचवीच्या दिवशी त्याला आधी माझ्यावर ठेवत. सिद्धूचा मुलगा म्हस्कू असाच माझ्यावर आला. पुढे म्हस्कूचा मुलगा मानसिंग आला. मानसिंगने तर ठेवल्या ठेवल्या मला भिजवलं. त्याचं मला काही वाटलं नाही. लेकराने भिजवलेलं उन्हात वाळतं.

एक गोष्ट मात्र त्या घरात कधी झाली नाही. मला साबण लागला नाही. म्हस्कू आता म्हस्कूआबा झाला होता, आणि कुणी नवी सून मला धुवायला निघाली की तो ओसरीवरूनच सांगायचा, "आपल्यात घोंगडीला साबण लावत न्हाईत. देव ऱ्हातो तिच्यात." मग मला उन्हात टाकायचं, काठीने झोडपायचं आणि घडी घालायची. लोकरीची धूळ काठीने जाते, त्यामुळे इतकी वर्षं या रिवाजाने कुणाचं बिघडलं नाही. बिघडलं ते धुळीच्या जागी दुसरं काही आलं तेव्हा.

मेंढरं गेली. कॅनॉलचं पाणी होतंच, शेजारीपाजारी उसाची बागायत होती, म्हणून आबानेही शेतीचं रान धरलं. मानसिंग मॅट्रिक झाला, त्याचं लग्न झालं, आणि नव्वद सालानंतर त्याने थोड्या रानात वांगी लावली. आता वांग्याला अळी येते. कुणाला ती नुसती दिसली तर त्याचा जीव कासावीस होतो. मानसिंगचाही झाला, आणि तो रणजितच्या दुकानात गेला. रणजित शेतीची औषधं विकायचा. दुकानात पंखा लावल्यापासून आपल्याला शेतीशास्त्र कळतं असा त्याचा समज झाला होता.

"डब्यावर पंपाला एक टोपण लिवलंय," मानसिंग म्हणाला. मी त्याच्या खांद्यावर होते, म्हणून ऐकलं.

"लिवणाऱ्याच्या रानात वांगी न्हाईत," रणजित म्हणाला. "तू दोन टाक."

झालं शिक्षण. मानसिंग दोन टोपणं टाकायचा, काठी सापडली नाही तर हाताने ढवळायचा, नळीचं तोंड तुंबलं तर स्वतःच्या तोंडाने फुंकायचा. त्याच हाताने तंबाखू मळायचा. पाठीवरचा पंप बुडाला गळत होता. थंडीचे दिवस, पहाटेचं गार लोखंड पाठीला लागायचं, पट्टे रुतायचे. त्यावर या मॅट्रिक पास माणसाने उपाय काढला. माझी चौघडी घालून पाठ आणि पंप यांच्यामध्ये ठेवली.

त्याची बायको सारजा बांधावर उभी राहून बघत होती. तिला सातवा महिना होता. ती म्हणाली, "पंप गळतोय. आदी त्यो नीट करून आणा."

"घोंगडी हाय की पाठीला," मानसिंग म्हणाला.

होय, मी होते. ते पाणी मी प्यायले. लोकरीला दुसरं काय येतं? सकाळभर ते माझ्यात मुरायचं आणि माझ्यातून त्याच्या पाठीत. घरी आलं की अंघोळ नाही, कारण गारठा. हात धोतराला पुसले की झाली स्वच्छता. आणि रात्र झाली की तीच मी, आतून ओली, त्याच्या अंगावर. असे आठवड्यांमागून आठवडे गेले. वांगी तेवढी बाजारात चकाकत होती.

मग मानसिंगचं डोकं दुखायला लागलं. तोंडाला सारखं पाणी सुटायचं. पोटात कळा यायच्या, घाम फुटायचा, आणि संध्याकाळी बैल बांधताना त्याला खुंटा धड दिसायचा नाही. रणजित म्हणाला पित्त आहे. शेजारीण जयवंता हिला ती दृष्ट वाटली. सारजा एकटी म्हणाली, "ह्ये फवारायला लागल्यापासनं चाललंय." पण ती सून, तिचं कोण ऐकणार. आबाने नाडी बघितल्यासारखं केलं आणि निकाल दिला, "थंडी भरलीया. घोंगडी घट पांघरून निज. घाम निघू दे."

मित्रांनो, घामाने तो आधीच निथळत होता. पण या लोकांना एक औषध माहीत, तेच ते सगळ्याला देणार. मला त्याच्याभोवती आवळून बांधलं. एवढी वर्षं मी माणसांना ऊब दिली, आणि आता मला जे करायला लावलं होतं ते कुणाच्या ध्यानातही येत नव्हतं. मला त्या सगळ्यांचा उबग आला होता. बोलता येत असतं तर शिव्या दिल्या असत्या.

एका दुपारी मानसिंग वांग्याच्या सरीतच पडला. पंप पाठीवर, मी मध्ये. तोंडाला फेस आला होता. दंडाची आणि मांडीची कातडी आतून फडफडत होती. छातीत घरघर सुरू झाली. सारजाने ओढून पंप सोडवला आणि हाका मारल्या. माणसं जमली. आणि जमल्या जमल्या त्यांनी काय केलं? विचारलं, "पिला का काय?"

"रानात फवारत हुतं," सारजा म्हणाली. "च्या पिऊन गेलं सकाळी. दुसरं काय बी न्हाय."

"न्हाय, घरात काय झालं आसंल तर सांग," जयवंता म्हणाली. समोर माणूस गुदमरत होता आणि हिला घरातलं भांडण हवं होतं.

तेवढ्यात आबा ताकाचा तांब्या घेऊन आला. उतारा म्हणून. शुद्धीवर नसलेल्या माणसाच्या तोंडात त्याने ताक ओतलं, ते छातीत गेलं आणि मानसिंग आणखी काळानिळा पडला. सारजाने सासऱ्याच्या हातातला तांब्या हिसकावून घेतला. त्या घरात सुनेने असं कधी केलं नव्हतं. पण तिनेच टेम्पो बोलावला, आणि मानसिंगला बारामतीला न्यायला निघाले. अर्थात मला त्याच्याभोवती गुंडाळूनच.

बारामतीच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरबाई होत्या. त्यांनी मानसिंगच्या डोळ्यावर बॅटरी धरली. "बाहुली मोहरीएवढी झालीय. फवारत होता का?" सारजाने मान हलवली. मग बाईंनी इतकी भराभर कामं सांगितली की मला जरा बरं वाटलं. कपडे काढा. अंग साबणाने धुवा, केस, नखं, काखा, सगळं. धुणाऱ्याने हातमोजे घालावेत. तोंडातला फेस नळीने ओढून घेतला, नाकाला प्राणवायू लावला. एक इंजेक्शन थोड्या थोड्या वेळाने द्यायचं, तोंड कोरडं पडेपर्यंत आणि छातीतली घरघर थांबेपर्यंत, दुसरं सलाइनमधून. ताक पाजल्याचं कळल्यावर त्या आबाला म्हणाल्या, "बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही ओतायचं नसतं. विषापेक्षा आधी तुमच्या ताकानेच गेला असता." आबाने असं पाहिलं की जणू त्याच्या म्हशीचीच कुणी निंदा केली.

"अंगावरचा एकही कपडा परत घालायचा नाही," बाईंनी बजावलं. सारजाने सदरा, धोतर, टोपी सगळं पिशवीत बांधून बाहेर ठेवलं. कमरेचा करगोटासुद्धा कापला. मी कुठे होते? मी बाकावर होते. आबा माझ्यावर बसला होता. कपडे म्हटल्यावर माझ्याकडे कुणी पाहिलंही नाही, कारण त्यांच्या मते मी कपडा नव्हतेच. मी देवाची. आणि त्या शिकलेल्या बाईंनी कपडे मोजले, बाकाकडे पाहिलं नाही. सगळे एकाच माळेचे मणी.

दुसऱ्या दिवशी मानसिंगला उतार पडला. बाहुल्या मोठ्या झाल्या, तोंड कोरडं पडलं, इंजेक्शनाने तो थोडा बरळत होता. हवेतून काहीतरी वेचायचा आणि मेंढरं मोजायचा. पण श्वास मोकळा होता. बाई म्हणाल्या, "वाचेल." सारजा भिंतीला टेकून पहिल्यांदा खाली बसली.

बाई वॉर्डातून गेल्या आणि आबा उठला. "दवाखान्याच्या चादरीत काय दम न्हाय," म्हणत त्याने मला उचललं आणि लेकाच्या गळ्यापर्यंत पांघरलं. प्रेमाने पांघरलं, हे मी नाकारत नाही.  पण प्रेमाला डोळे नसतील तर त्याने माणूस मरतो, मित्रांनो.

संध्याकाळपर्यंत मानसिंगच्या तोंडाला पुन्हा फेस आला. पुन्हा धावपळ, पुन्हा इंजेक्शनं, पुन्हा अंग धुणं. धुताना मला पलंगाच्या दांडीवर टाकलं आणि धुऊन झाल्यावर आबाने परत पांघरलं. तो पुन्हा खालावला. आता बाईंच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी सारजाला बाजूला घेतलं. "बाहेरून काही आणून देताय का त्याला? जेवण, काढा, अंगारा?"

"पाणी बी तुमच्या नर्सबाईच्या हातचं," सारजा म्हणाली.

"मग विष परत कुठून येतंय?"

 बाई तिच्याकडे बघत राहिल्या. आबाही बघत राहिला, आणि मला त्याच्या डोळ्यांत दिसलं की त्याचा संशय सुनेवर जातोय. वाडीत तर तो केव्हाच गेला होता. भेटायला आलेल्या जयवंताने व्हरांड्यातच कुजबूज केली, की बायकोच घालत आसंल. आठवडे आठवडे विष त्या माणसाच्या पाठीवर होतं, सगळ्या वाडीच्या डोळ्यांदेखत, आणि यांना सापडली ती गरोदर सारजा. त्या क्षणी मला माणूस या जातीची किळस आली.

तिसऱ्या दिवशी सकाळी फार गारठा होता. मानसिंगला तपासायला नेलं होतं, म्हणून मी रिकामी होते. आबाला सुनेचा संशय होता, तरी तिच्या पोटातल्याची काळजीही होती. त्याने मला तिच्या अंगावर टाकलं. "घे. गारठशील." ती डोक्यावरून मला घेऊन व्हरांड्यात बसली. पोट माझ्यात झाकलं. आतलं पोर हललं, ते मला कळलं. मी त्या घरची किती पोरं पेलली, पण असं जन्माआधी कुणी मला भेटलं नव्हतं. आणि मी तिथे काय घेऊन बसले होते ते मला माहीत होतं. मला तेव्हा भीती वाटली. एवढंच सांगते.

दुपारी सारजाच्या तोंडाला पाणी सुटलं. डोळ्यांपुढे अंधारी आली, छाती आवळली. डॉक्टरबाई जवळून जाताना थांबल्या आणि त्यांनी तिच्या डोळ्यावर बॅटरी धरली. मोहरी.

"तू काय प्यायलीस?"

"च्या."

छाती तपासायला बाई वाकल्या, आणि त्यांचं नाक माझ्यापाशी आलं. त्या तशाच थांबल्या. मग त्यांनी माझा काठ दोन बोटांनी उचलला, हुंगला आणि लगेच टाकून दिला. त्या घराच्या नाकात तो वास इतका बसला होता की कुणाला वेगळा येतच नव्हता. बाईंना आला. उशिरा का होईना, आला.

"ही कुणाची?"

"आमच्या घराची," आबा म्हणाला. "पण त्यो कपडा न्हवं."

 बाईंनी सारजाला आधी अंघोळीला पाठवलं, केसांना साबण लावून. आल्यावर इंजेक्शन दिलं, पोटाला नळी लावून ऐकलं. सारजा फक्त एकच विचारत होती, "आतलं हालतंय न्हवं?" हलत होतं. ठोके नीट लागत होते. मग बाई आबाकडे वळल्या आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "विष पोटातूनच जातं असं नाही. कातडीतून जातं. ते या लोकरीत मुरलंय. तुम्ही तुमच्या मुलाला दोनदा विष पांघरलंत, आणि आज सुनेला. हिला जाळू नका, धूर बाधेल. विहिरीपासून लांब, खोल पुरा."

आबा मला काठीवर उचलून घेऊन गेला. मित्रांनो, तुम्हाला वाटलं असेल आता हा सुधारला. मी त्याला लहानपणापासून ओळखत होते, मला तसं वाटलं नाही. त्याने मला पुरलं नाही. गोठ्यावरच्या माळ्यावर, कडब्याच्या मागे लपवलं.

मानसिंग घरी आला. पायांत बळ नव्हतं, ओसरीच्या पायरीवर बसून राहायचा. मी माळ्यावर आहे हे त्याला ठाऊक होतं. गळका पंप त्याने सारजाच्या सांगण्यावरून मोडीत दिला, पण माझ्याबद्दल बापाला एक शब्द बोलला नाही. मॅट्रिक पास. रणजित भेटायला आला आणि म्हणाला, "समद्यांनाच न्हाय सोसत." म्हणजे चूक मानसिंगच्या अंगाची. दुकानातला पंखा चालूच होता.

आणि आबा? आबाने इंदापूरच्या बाजारातून एक चादर आणली होती. लाल-पांढरी, सोलापुरी. रोज तीच पांघरून तो निजायचा.

मग सारजा बाळंत झाली. मुलगी झाली, धडधाकट. पाचवीच्या दिवशी पाटावर पूजा मांडली, बायका जमल्या, आणि आबा माळ्यावर चढला. मला खाली आणून त्याने अंगणात काठीने झोडपलं, वर भंडारा टाकला आणि बाळंतिणीच्या खोलीत आणून पसरलं.

"ठिव पोरीला," तो म्हणाला. "घरचा रिवाज हाय."

मी तिथे पसरले होते. खोटं कशाला सांगू, मला ती पोर हवी होती. ती मला आधी भेटली होती. आणि मला हेही हवं होतं की कुणीतरी तिला माझ्यावर ठेवू देऊ नये. बायका गप्प होत्या. मानसिंग दारात उभा होता, तोही गप्प. मला वाटलं, ठेवतात आता. हे असलेच आहेत.

सारजा पोरीला छातीशी धरून उठली. आवाज चढवला नाही तिने.

"आबा, आज रातीला तुमी निजा हिच्यावर. सकाळच्याला मी माझ्या हातानं पोरीला ठिवते."

आबाने भंडाऱ्याचे हात धोतराला पुसले.

"निजा की. देव हाय न्हवं तिच्यात. मग तुमी ती चादर का घेतली?"

 आबाने माझ्याकडे बघितलं. मी त्या माणसाला पाच दिवसांचा असल्यापासून पाहिलं होतं. त्याला सगळं कळलेलं होतं. दवाखान्यातच कळलेलं होतं. स्वतःच्या अंगाबद्दल त्याने लगेच शहाणपण केलं होतं आणि नातीला रिवाज ठेवला होता. इतक्या वर्षांत मला इतकी लाज कुणी आणली नाही.

"तिचं बरोबर हाय," मानसिंग दारातून म्हणाला. हळू म्हणाला, पण म्हणाला. पोरीला सारजाच्या जुन्या लुगड्यावर ठेवलं. साबणाने धुतलेल्या.

दुसऱ्या दिवशी आबाने विहिरीपासून लांब, पडीक रानाच्या कडेला खड्डा काढला. मला उचलताना त्याने दोन्ही हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या होत्या. आयुष्यभर ज्याने मला उघड्या हाताने उराशी धरलं, तो शेवटी पिशव्या बांधून आला. ते मला लागलं. आणि त्याने आयुष्यात केलेली पहिली शहाणी गोष्टही तीच होती.

तर मित्रांनो, मी हे मातीखालून सांगते आहे. माझी कीव करू नका, तुमची कीव मला नको. फवारून आलात तर त्याच पावली अंग धुवा, साबणाने. कपडे वेगळे धुवा, आणि ज्याला तुम्ही कपडा म्हणत नाही तेही कपड्यांत धरा. गळका पंप दुरुस्त करा. माणसाला घाम, लाळ, अंधारी आली तर पांघरूण शोधत बसू नका, दवाखाना गाठा, आणि काय फवारलं ते खरं सांगा. यात अवघड काहीच नाही, म्हणूनच तुम्ही ते करणार नाही अशी मला दाट शंका आहे.

त्या घरची मी न पेललेली ती एकच पोर. आता ती पळते. कधी कधी या बाजूच्या बांधावर येते, माझ्या डोक्यावरून धावते, आणि माती हलते. पाय चांगले जड आहेत तिचे. तिचं वजन मला असं कळलं. मग घराकडून सारजाची हाक येते, "आदी हातपाय धू, मग घरात यी."